वालवाले मामू

मामू रस्त्यानं चालताना कधी वर बघायचे नाहीत. जुनं शहर दाखवणारी माणसं सहसा हात उंचावतात. कमान बघा, सज्जा बघा, महिरपीवरचं कोरीवकाम बघा. मामू म्हणायचे, "खाली बघा." मग आमची सात-आठ माणसं एखाद्या झिजलेल्या पायरीवर, गटाराच्या तोंडावर, डांबरात अर्ध्या बुडालेल्या लोखंडी झाकणावर वाकायची आणि मामू तिथून बोलायला लागायचे. या झाकणाखालून कुठली पाइपलाइन जाते, तिच्या आधी मातीचे नळ कसे होते, त्यांचं पाणी कुठल्या हौदात पडायचं आणि त्या हौदावर कोण कोण भांडायचं. बीड शहर वरून पाहिलेले लोक पुष्कळ आहेत. खालून पाहिलेला माणूस मला एकच भेटला.

ते नगरपालिकेत वालमन होते. आमच्याकडे नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतं, आणि कुठल्या गल्लीला कधी यायचं हे जमिनीत पुरलेल्या वालवर ठरतं. लांब लोखंडी चावीनं तो वाल फिरवणारा माणूस म्हणजे वालमन. तीसेक वर्षं ती चावी वाहून मामूंचा डावा खांदा कायमचा उतरला होता. पांढरा लेंगा, करडा सदरा, डोक्याला घट्ट बसलेली जाळीची टोपी आणि हातानं ढकलत न्यायची सायकल. त्या सायकलवर बसलेलं मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाले, बसलं की रस्ता पळतो, मग दिसत काही नाही.

मी इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. माहेर गेवराईचं, बीडला नोकरीमुळं आले. काही वर्षांपूर्वी डोक्यात आलं की रविवारी सकाळी थोड्या लोकांना घेऊन जुन्या गल्ल्यांतून पायी फिरावं, वेशी, बारवा, मशिदी, मंदिरं दाखवावीत. बदलीवर आलेले बँकेतले लोक, दवाखान्यातले डॉक्टर, एखादी शिक्षिका असे सहाजण पहिल्या रविवारी आले. कोतवाली वेशीपासून मी मोठ्या रुबाबात निघाले. जुन्या नकाशावर दाखवलेली एक गल्ली धरली आणि पंधरा मिनिटांनी आम्ही सगळे एका सिमेंटच्या भिंतीसमोर उभे होतो. कडेच्या ओट्यावर एक म्हातारा माणूस सायकल भिंतीला टेकवून बसला होता. तो आमची फजिती बराच वेळ शांतपणे बघत राहिला.

"पुस्तकातून आल्यात जनू, म्याडम," तो म्हणाला. "ही गल्ली पुस्तक लिव्हल्यावर बंद झाली."

मग तो उठला, सायकल धरली आणि न विचारता पुढं चालू लागला. एका घराचं अंगण, दुसऱ्याचा बोळ, एका पडक्या हमामखान्याची मागची बाजू असं करत त्यानं आम्हाला बरोबर त्या गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला आणून सोडलं. वाटेत तो जे काही थोडं बोलला, ते माझ्या तयारीच्या चार पानांपेक्षा लोकांना जास्त आवडलं होतं. पुढच्या रविवारी तुम्ही याल का, असं मी विचारलं. मामूंनी एक अट घातली. आठाच्या वर माणसं आणायची नाहीत. आठाच्या वर गेलं की मोर्चा होतो, म्हणाले, आणि मोर्चा बघून बाया दारं लावून घेतात.

तेव्हापासून आमची वाटणी ठरून गेली. राजवटी मी सांगायच्या, घरं त्यांनी. मी निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम असं ओळीनं सांगत असे, आणि मामू सायकलच्या हँडलवर हात ठेवून, विद्यार्थी ऐकतो तसे मान खाली घालून ऐकत. माझं संपलं की दोन क्षण थांबत आणि मग म्हणत, "झालं म्याडमचं. आता आमचं ऐका." एकदा मी खजाना बावडीबद्दल बोलत होते, त्या विहिरीचं पाणी जमिनीखालच्या कालव्यांतून शिवारात कसं खेळवलंय हे समजावत होते. मामू एवढंच म्हणाले की चारशे वर्षं झाली, बिनावालचं पाणी चाललंय, भांडण न्हाई की अर्ज न्हाई. लोक हसले. मामू हसले नव्हते. त्यांच्या धंद्यातला हा सर्वांत मोठा माणूस होता, ज्यानं कुणी ती विहीर बांधली असेल तो.

गल्लीत शिरायची त्यांची एक रीत होती. तोंडाशी उभं राहून ते सायकलची घंटी दोनदा वाजवत आणि मोठ्यानं हाक देत, पाहुणे येऊ लागले, आवरा. मग आम्ही मिनिटभर थांबायचं. तेवढ्यात कुणी दोरीवरचे कपडे काढून घेई, कुणी अंघोळीचं पोर उचलून आत नेई. फोटो काढायचा तर घराचा, माणसाचा नाही, आणि माणसाचा काढायचाच तर आधी त्याचं नाव विचारायचं, हा त्यांचा नियम होता. मोबाइल उगारलेल्या पुण्याच्या एका गृहस्थांना त्यांनी भर गल्लीत अडवलं होतं. शांतपणे म्हणाले, "त्यांचं घर हाय ते, साहेब. तुमचं बघणं हाय."

बायका मात्र त्यांना बघून दारात येत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी प्रत्येक उंबऱ्यावरून तोच प्रश्न यायचा, मामू, पाणी कधी? आणि मामूंना उत्तर माहीत असायचं. परवा दुपारून, मंगळवारी पण कमी दाबानं, आज आशा सोडा. नव्या वालमननं एखाद्या गल्लीला मुद्दाम उशीर केला तर ते त्याच्या घरी जाऊन बसत, असं मला नंतर कळलं. भांडत नसत. नुसते बसून राहत.

त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. घरं दाखवताना ते म्हणत, इथं मुन्शीजी राहतात, लई कडक मानूस. इथं रंगारी हायेत, त्यांची बायको सकाळी सकाळी भांडती. इथं पोतदारांची म्हातारी बसती, तिला सलाम केल्याशिवाय पुढं जाता येत न्हाई. नवीन माणसं त्या घरांकडं आदरानं बघत. एकदा एका बाईंनी खरंच आत डोकावून मुन्शीजी आहेत का विचारलं. आतून मोबाइल दुरुस्तीवाला तरुण बाहेर आला आणि गोंधळून आमच्याकडं बघत राहिला. मुन्शीजी जाऊन चाळीस वर्षं झाली होती. रंगारी नव्हते, त्यांची बायको नव्हती, पोतदारांची म्हातारी मी जन्मायच्या आधीच गेली असावी. मामूंच्या गावात ही सगळी माणसं अजून नांदत होती, आणि आम्ही जिवंत माणसं त्यांच्या दारावरून पाहुण्यांसारखे जात होतो.

तालुक्यातल्या एका टेकडीवर दिल्लीच्या एका बादशहाच्या दाताची कबर आहे, असं सांगतात. दुखणारा दात काढला आणि थाटामाटानं पुरला. फेरीत मी ही गंमत नेहमी सांगत असे, कारण लोकांना ती हमखास आवडायची. एका रविवारी माझं सांगून झाल्यावर मामू हळूच म्हणाले, "बादशहाच्या दाताला घुमट हाय, म्याडम. नदीकाठी अख्खी मानसं गेली, त्यांना एक फरशी न्हाई." लोकांपर्यंत ते पोचलं नाही. माझ्यापर्यंत पोचलं, पण मी त्यावर थांबले नाही.

नदीकाठची म्हणजे पुरात गेलेली. बिंदुसरा एरवी गावातून नाल्यासारखी वाहते, पूल ओलांडताना कुणी तिच्याकडं मान वळवत नाही. पण एका पावसाळ्यात पहाटेच्या वेळी ती गावात शिरली आणि काठची घरं माणसांसकट घेऊन गेली. मी तेव्हा गेवराईला शाळेत होते. घरातली मोठी माणसं दिवसभर दबक्या आवाजात बोलत होती, एवढंच आठवतं. मामू लोकांना काही भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा दाखवत. हात पूर्ण वर करून ते भिंतीला तळवा लावत आणि म्हणत, इथपर्यंत. त्यांच्या डोक्याच्याही वर हातभर. आणि तरी ते वर बघत नसत. तळव्याला ती जागा पाठ होती.

फेरीच्या शेवटच्या टप्प्यात नदीकडं उतरणारी एक अरुंद गल्ली लागायची. तिच्या तोंडाशी आलं की मामू सायकल रस्त्याच्या पलीकडच्या कडेला घेत आणि चालण्याचा वेग वाढवत. तिथं ते कधी काही बोलले नाहीत. वास्तुशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीनं एकदा विचारलं, या गल्लीत काय आहे? मामू म्हणाले, इथं काही न्हाई. एरवी प्रत्येक गटाराला इतिहास असणारा माणूस काही नाही म्हणतो, याचं मला नवल वाटलं, आणि मी इतिहासवाली असल्यामुळं ते नवल सोडवत नव्हतं.

उत्तर मला बांगड्यांच्या दुकानातल्या एका वयस्कर बाईंकडून मिळालं. त्या गल्लीत मामूंचं घर होतं. पुरात त्यांची बायको आणि लहान मुलगी गेली. मामू त्या वेळी कामावर होते, पाण्याच्या टाकीकडं ड्युटी होती, म्हणून वाचले. म्हातारी आई शेजाऱ्याच्या माळवदावर पोचली, तीही वाचली. मामूंनी पुन्हा लग्न केलं नाही. बांगडीवाल्या बाईंनी हे हळहळत सांगितलं आणि मी ते हळहळत ऐकलं. पण घरी येता येता माझ्या मनात दुसरंही काही चालू झालं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही. आपल्या फेरीला शेवट मिळाला, असं मला वाटलं होतं.

तो रविवार हिवाळ्यातला होता. मुंबईहून पाचजण आले होते, त्यांतल्या एक बाई वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या. आमच्या फेरीबद्दल त्यांनी लिहावं ही माझी फार इच्छा. कारंजापाशी त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं, धोंडीपुऱ्यात फोनवर बोलत राहिल्या. मी अस्वस्थ होत गेले. त्या गल्लीच्या तोंडाशी आलो, मामूंनी सवयीनं सायकल पलीकडं घेतली, आणि मी थांबले. मी सगळ्यांना जवळ बोलावलं. मामू पुढं गेले होते, आम्ही येत नाही हे बघून ते परत आले आणि घोळक्याच्या कडेला उभे राहिले.

मी सांगितलं. चांगलं सांगितलं, वर्गात सांगते तसं, आवाज खाली आणत, मध्ये थांबत. हा जो माणूस तुम्हाला दोन तास शहर दाखवतोय, त्याचं घर इथं होतं. तो गावाच्या पाण्याची राखण करत टाकीवर उभा होता, आणि इकडं पाण्यानं त्याचं घर नेलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मामूंच्या दंडावर हात ठेवला. मामू खाली बघत होते. सगळ्यांचं झाल्यावर ते म्हणाले, चला, पुढं ऊन व्हतंय. राहिलेली फेरी त्यांनी नेहमीसारखी पूर्ण केली, लोकांना रिक्षा ठरवून दिली आणि माझ्याकडं न बघता पुलावरून निघून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारनंतर मी पेठ बीडमध्ये त्यांच्या घरी गेले. बहीण वारली तेव्हापासून ते भाच्याकडं राहत. बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून ते एक जुना नळ खोलून साफ करत होते. भाच्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. मी माफी मागायची तयारी करून गेले होते. तुम्हाला न विचारता सांगायला नको होतं, मामू, माझं चुकलं, असं म्हणाले. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. बराच वेळ नळाचा आटा पुसत राहिले.

"सांगितल्याचं काही न्हाई," ते शेवटी म्हणाले. "चुकीचं सांगितलं तुमी. मी ड्युटीवर नव्हतो. मी घरातच व्हतो."

त्यांनी नळ खाली ठेवला आणि सांगितलं. सावकाश, एखादी पाइपलाइन कुठून कुठं जाते हे सांगावं तसं. जाग आली तेव्हा पाणी खाटेच्या दोरीला लागलं होतं. आईचे गुडघे गेलेले, तिला चालता येत नव्हतं. गल्लीच्या वरच्या अंगाला शेजाऱ्याचं पक्कं घर होतं, त्याच्या माळवदावर लोक चढत होते. बायको मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिघींना एकदम नेता येण्यासारखं नव्हतं, पाणी छातीला लागलं होतं आणि ओढत होतं.

"ती म्हणली, आधी अम्माला न्या, आमी थांबतो. म्या तिचं कधी ऐकलं न्हाई, म्याडम. लग्नाला सात वर्षं झालती, एक गोष्ट ऐकली नव्हती. तेवढी ऐकली."

आईला पाठीवर घेऊन ते वर गेले, तिला लोकांच्या हातात दिलं आणि वळले. गल्ली नव्हती. घर नव्हतं. दोन माणसांनी त्यांना कमरेला धरून ठेवलं, म्हणून ते त्यात उतरू शकले नाहीत. त्या दोघांशी ते पुढं आयुष्यभर बोलले नाहीत.

ड्युटीवर असल्याचं त्यांच्या आईनं लोकांना सांगितलं. पूरग्रस्तांच्या कॅम्पात कुणी तरी विचारलं, तू असताना बायको-पोर कशी गेली रे, आणि मामूंच्या आधी आईच म्हणाली, तो कुठं होता, तो कामावर होता. त्यानंतर तेच सगळीकडं झालं. माळवदावरची माणसं पांगली, काही गेवराईकडं गेली, काही संभाजीनगरला, आणि गावात आईचं सांगणं राहिलं. ती पुढं बारा वर्षं जगली. मी विचारलं, तुमच्याशी कधी बोलल्या का त्यावर? मामू म्हणाले, रोज एकदा म्हणायची, मला काहून उचललंस? बारा वर्षं रोज. आणि बाहेर कुणी आलं की त्याला सांगायची, माझा लेक ड्युटीवर होता.

चहावर साय धरली होती. मी तो तसाच ठेवला. उठताना त्यांनी विचारलं, बुधवारी सकाळी मोकळ्या आहात का.

बुधवारी आम्ही दोघंच गेलो. त्या गल्लीत ते किती वर्षांनी पाऊल टाकत होते हे मी विचारलं नाही. पण त्या गल्लीचा वाल त्यांनी पुरानंतर नोकरीभर दुसऱ्याकडून फिरवून घेतला होता, हे मला त्यांनीच चालताना सांगितलं. गल्लीत आता पत्र्याची चार खोकी होती, एक पिठाची गिरणी बंद पडलेली, आणि खाली नदीकडं बाभळी माजलेल्या. त्यांनी घंटी वाजवली नाही, हाक दिली नाही. एका मोकळ्या जागेत उभे राहिले. हा उंबरा, म्हणाले. हा चुलीचा कोपरा. इथं खाट. दारातून वरच्या घरापर्यंत त्यांनी मला चालवत नेलं आणि पावलं मोजायला सांगितली. एकेचाळीस भरली. माझी पावलं लहान, त्यांची थोडी कमी भरली असती. तिथून वळून ते गल्लीच्या उताराकडं बघत उभे राहिले. मी त्यांना पहिल्यांदाच मान वर करून उभं राहिलेलं पाहिलं.

ऊन चढायला लागल्यावर ते म्हणाले, आता तुमाला समदं ठावं हाय. मी हाय तवर कुणाला सांगू नका. मग सांगा, पण बरोबर सांगा. अम्माला खोटं पाडायचं म्हणून न्हाई. ती म्हणली आधी अम्माला न्या, हे कुणाला तरी ठावं पायजे.

नंतर ते पुन्हा फेरीला येऊ लागले. दीडेक वर्ष आम्ही पूर्वीसारखे फिरलो. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसला नसता. त्या गल्लीच्या तोंडाशी ते सायकल पलीकडं घेत आणि मी राजुरी वेशीबद्दल काही तरी बोलायला सुरुवात करत असे. मुंबईच्या बाईंनी लेख लिहिला, त्यात ड्युटीवरचा वालमन होता. लोक तो लेख वाचून येत आणि मामूंचे हात हातात घेत. ते हात देत. मी त्या बाईंना दुरुस्ती कळवू शकले असते, पण तसं करायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि ते न सांगण्याचा शब्द मी दिला होता. आपणच मोकाट सोडलेली चूक आपल्याच डोळ्यांसमोर गावभर फिरताना बघणं, ही शिक्षा बरोबरच होती.

मग त्यांचं चालणं कमी झालं. पायांना सूज यायला लागली, मूत्रपिंडं थकल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी दिवसाला किती पाणी प्यायचं ते ठरवून दिलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा उशाशी स्टीलचा एक छोटा तांब्या होता, दिवसभराचा. मला बसायला सांगून त्यांनी विचारलं, या रविवारी किती लोक आलते. मी म्हटलं, नऊ. ते नाराज झाले. एक मानूस जास्त घेतला तुमी, म्हणाले.

ते गेले तेव्हा मी परीक्षेच्या कामासाठी धारूरला होते. फोन आत न्यायची परवानगी नव्हती. संध्याकाळी बाहेर आल्यावर भाच्याचा निरोप बघितला. दुपारीच माती झाली होती. दुसऱ्या दिवशी मी कब्रस्तानात गेले. ओल्या मातीचा लांबट उंचवटा होता, वर कुणी तरी सब्जाच्या बिया आणि पाणी शिंपडलं होतं. आजूबाजूला तसेच आणखी दोन-तीन होते. भाच्यानं बोट दाखवलं म्हणून कळलं त्यातला कुठला.

महिना गेला. मग एका रविवारी मी सातजणांना घेऊन निघाले, आणि त्या गल्लीच्या तोंडाशी थांबले नाही, आत गेले. उंबरा दाखवला, चुलीचा कोपरा दाखवला. एकेचाळीस पावलं चालायला लावली. जे झालं ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं, आवाज न बदलता, मध्ये कुठं न थांबता. ती म्हणाली आधी अम्माला न्या, हे सांगितलं. मला हलकं वाटलं, हेही खरं आहे. बरोबर सांगून झालं, असं वाटलं.

घोळक्यात दातांच्या एक डॉक्टरीण होत्या, गावात नव्या. त्यांनी सहज विचारलं, "त्यांच्या बायकोचं नाव काय होतं? आणि मुलीचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडं काही नव्हतं. पाण्याची उंची मला माहीत होती. पावलं माहीत होती. कोण कुठं उभं होतं ते माहीत होतं. खाटेवर बसलेला तो माणूस दीड तास बोलला, बुधवारी सकाळभर माझ्याबरोबर हिंडला, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं, मामू, त्यांची नावं काय.

त्याच दुपारी मी पेठ बीडला गेले. भाचा पुरानंतर जन्मलेला. तो बराच वेळ आठवत राहिला. घरात त्यांचं बोलणं निघायचंच नाही, म्हणाला. त्याची आई मामूंच्या मुलीला गुड्डी म्हणायची, एवढं त्यानं ऐकलं होतं. पण गुड्डी तर घराघरात असते, ते काही नाव नव्हे. मामीचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. बांगडीवाल्या बाईंना आठवलं नाही. नंतर महिनाभर जुन्या कागदांत शोधलं, तेच माझं काम आहे. त्या वेळच्या मदतीच्या एका यादीची पुसट झेरॉक्स मिळाली. तिच्यात मामूंचं पूर्ण नाव आहे, गल्लीचं नाव आहे, आणि पुढं लिहिलंय: इतर दोन.

अजून शोधते आहे. माळवदावर चढलेल्यांपैकी एक कुटुंब गेवराईला आहे असं कळलंय, त्यांच्याकडं जायचं आहे. तोवर दर रविवारी मी लोकांना त्या गल्लीत नेते आणि जे माहीत आहे तेवढं सांगते. दोन-चार फेऱ्यांनी कुणी तरी नावं विचारतंच. मी सांगते की मला माहीत नाहीत, मी विचारायला विसरले.